अकरावा कोण

आमच्या घरात अकरापैकी दहा जण ठरलेले होते. गोलकीपर, चार बॅक, मधले दोघे, उजव्या कडेचा आणि पुढचे दोघे. त्यांच्यावर वाद नव्हता. भांडण होतं ते फक्त डाव्या कडेने धावणाऱ्याचं, म्हणजे लेफ्ट विंगरचं. कोलकात्याच्या एका जुन्या फुटबॉल क्लबाचा आजवरचा सर्वांत भारी संघ निवडायचा, हा आमचा दर रविवारचा उद्योग होता आणि तो आम्ही भिंगारमध्ये बसून करत होतो. त्या क्लबाचं नाव अख्ख्या भिंगारात दोनच माणसांना ठाऊक असावं, एक माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि दुसरी मी. आमच्या गल्लीत पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे क्रिकेटवाले. फुटबॉलची बातमी पेपरात आलीच तर शेवटच्या पानावर, क्रिकेटच्या खाली, दोन ओळींत यायची. आप्पा ती कात्रीने कापून वहीत चिकटवायचे.

आप्पा लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. नोकरीची तेरा वर्षं त्यांनी कोलकात्यात काढली. मी तिथेच जन्मले आणि तिथेच अकरा वर्षांची झाले. मग बदली होऊन आम्ही भिंगारला आलो, ते कायमचेच. बंगाली मी विसरले, आप्पा विसरले नाहीत. पण घरात ते बोलायचे ते आपल्या गावाकडचंच. फुटबॉलचं वेड त्यांना कसं लागलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

"तितं मैदानातल्या गॅलरीत हुबं ऱ्हायलं ना, तर शेजारचा इचारीत न्हाई तू कोन, कुठला, आडनाव काय. गोल झाला की सरळ मिठी मारतो. मला पयल्यांदा मारली तवा मी दचकलोच."

आमच्या मूळ गावात तोवर त्यांना घरच्यांखेरीज कुणी मिठी मारली नव्हती. हे त्यांनी सांगितलं नाही, मला सांगायची गरजही नव्हती. त्या एका मिठीवर त्यांनी उभं आयुष्य त्या क्लबाला देऊन टाकलं होतं. म्हणूनच क्लब सोडून जाणाऱ्याचा त्यांना मनस्वी राग यायचा.

आणि माझा लेफ्ट विंगर नेमका सोडून गेलेला होता.

मी त्याला एकदाच पाहिलं होतं. आठ वर्षांची असेन. मैदानात नुसता चिखल, आणि तो उंच माणूस त्या चिखलातून असा पळाला, जणू त्याच्यापुरती जमीन कोरडी होती. त्याने दोन गोल मारले. पुढच्या हंगामात तो समोरच्या क्लबात गेला, आमच्याच विरुद्ध खेळला, आमच्यावरच गोल मारला. वर्षभराने परत आला. परत आल्यावर गॅलरीतल्या लोकांनी त्याला पहिले काही सामने शिव्या घातल्या म्हणतात.

आप्पांचा लेफ्ट विंगर त्याच्या आधीचा. बारीक, बुटका, तोंडातून शब्द न काढणारा. सबंध कारकीर्द एकाच क्लबात. गोल फार नाहीत त्याच्या नावावर. मी त्यावरून डिवचलं की आप्पा म्हणायचे, "त्याचं काम गोल मारायचं न्हवतंच. त्यो बॉल आनून द्यायचा. पुढच्यानं मारायचा."

"मग पोस्टमनलाच घ्या की संघात."

"तुला काय कळतंय त्यातलं."

हे सगळं पद्धतशीर चालायचं. रविवारी सकाळी आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसायचे. फोडता फोडता पितळेच्या ताटात शेंगदाणे मांडायचे, चार मागे, दोन मधे, तीन पुढे. गोलकीपरच्या जागी सुपारी. डाव्या कडेची जागा मोकळी सोडायची आणि माझ्याकडे बघायचं. वाद कधी मिटायचा नाही. ज्याला जास्त राग येई तो उठून ताटातला एखादा बॅक खाऊन टाकी आणि सामना संपे.

आता मी भिंगारात कशी होते, ते सांगायला हवं. आई माझ्या लग्नाच्या आधीच गेली. नव्वद साल उलटल्यावर माझं लग्न झालं, देवळाली प्रवराला दिलं मला. नवरा शुगर फॅक्टरीत होता. चौदा महिन्यांत मी परत आले. लोकांना वाटलं मारहाण असेल, हुंड्याचं काही असेल. तसलं काही नव्हतं. त्या घरात मला कुणी हाक मारत नव्हतं, एवढंच. सकाळी उठावं, चूल-भांडी करावी, आणि रात्री झोपेपर्यंत आपल्याशी कुणी एक वाक्य बोललं का, ते आठवून बघावं. नवरा पेपर वाचायचा, सासू जपमाळ ओढायची. मला असं वाटायला लागलं होतं की मी मेले आहे आणि ते मला कुणी सांगितलेलं नाही.

एका रविवारी ट्रंक घेऊन एसटीने आले. आप्पा ओसरीवर होते. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठून आत गेले आणि चहा टाकला. का आलीस, किती दिवस, तिकडचे काय म्हणाले, काही नाही. पुढच्या रविवारी शेंगा फोडताना ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "लेफ्ट विंगला कोन?"

मी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. सोमवारी बायका विचारायच्या, काल काय केलंस? त्यांच्याकडे सांगायला पाहुणे, बाजार, नणंदा, पोरांचे ताप. मी म्हणायची, काही नाही, घरीच. त्यांना काय सांगणार? नवरा सोडून आलेली बाई आणि रिटायर बाप, दोन खोल्यांत बसून शेंगदाण्यांवरून भांडतात, हे सांगायचं? हळूहळू त्यांनी विचारायचं बंद केलं. मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

एकदा वाद चांगलाच तापला. मी म्हटलं, "एक वर्ष गेला होता, आप्पा. परत आला ना? आल्यावर सात वर्षं खेळला. ते नाही मोजायचं?"

"परत आला म्हंजी उपकार केले व्हय? सोडून गेलेल्याला टीममदी जागा न्हाई. बास."

मी उठले. बॅकला हात न लावता उठले. स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळायला घेतलं आणि रडूच फुटलं. एका फुटबॉलवाल्यासाठी कुणी इतकं रडतं का? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की इतके दिवस मी कुणाची बाजू लढवत होते. आप्पांना ते कळलं होतं का, हे मला कधी विचारता आलं नाही. मला बाकी काहीच नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी आपल्या हाताने त्या मोकळ्या जागी शेंगदाणा ठेवावा आणि म्हणावं, हा तुझा.

पाच वर्षं ते म्हणाले नाहीत आणि पाच वर्षं मी ऐकलं नाही.

मग त्यांना भाकरी गिळता येईना. आधी म्हणाले, घसा बसलाय. मग भाकरी दुधात कुस्करायला लागले, मग नुसतं दूधच. नगरला दवाखान्यात नेलं, नळी घालून तपासणी झाली. आप्पा बाकावर बसले होते तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, उशीर झालाय, आता त्रास कमी होईल एवढंच बघू. मी मान हलवली. रिक्षात आप्पांनी विचारलं तेव्हा म्हटलं, सूज आहे, गोळ्या दिल्यात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेंगा आता त्यांना खाता येत नव्हत्या, पण फोडायला बसलेच. नऊ दाणे आणि सुपारी मांडली, ताट सरकवलं, बघायला लागले. मी मनात म्हटलं, राहिलेत किती रविवार, आता तरी यांच्या मनासारखं होऊ दे. मी एक दाणा उचलला आणि डावीकडे ठेवला.

"तुमचाच घेऊ, आप्पा. खरंय तुमचं. माझा सोडून गेला होता. सोडून गेलेल्याला कशाला घ्यायचं."

हे बोलताना माझा आवाज अगदी सरळ होता. मला वाटलं ते खूश होतील. ते ताटाकडे बघत राहिले. मग हातातली शेंग तशीच, न फोडता, खाली ठेवली.

"डाक्टर काय म्हनला?"

"सांगितलं ना. सूज आहे."

"पाच वर्सं तू माझं ऐकलं न्हाईस. आज ऐकलंस. डाक्टर काय म्हनला, त्ये सांग."

इतकी शहाणी समजत होते मी स्वतःला! रिपोर्टचा कागद ट्रंकेत तळाशी लपवला होता, रिक्षात हसून बोलले होते, शेजारच्यांनाही कळू दिलं नव्हतं. आणि एका शेंगदाण्याने सगळं सांगून टाकलं. आमच्या घरात मान्य करण्याचा अर्थ काय होतो, हे मलाच कळायला नको होतं का? मी सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी डॉक्टरांच्या शब्दांत.

त्यांनी तो डावीकडचा दाणा उचलून माझ्या हातात परत दिला.

"माझ्यावर दया करून टीम न्हाई बनत. आन त्याला आसं बाहेर काढू नगंस. तू काढायचं न्हाई त्याला."

पुढचे दोन महिने आम्ही नेहमीसारखं भांडलो. मी रजा काढली होती, त्यामुळे रविवारची वाट बघायची गरज उरली नाही. त्यांचा आवाज खोल जात चालला. आधी ओसरीवरून ऐकू यायचं, मग खाटेजवळ जावं लागायचं, मग तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. पण मुद्दा सोडायचे नाहीत. मीही सोडला नाही. रोज कुणी तरी भेटायला येऊन, आता कसं वाटतंय, असं विचारून जायचं. त्या प्रश्नाला ते डोळे मिटून घ्यायचे. मी म्हटलं, तुमचा तो बुटका डोक्याने एक तरी गोल मारू शकला का, की लगेच डोळे उघडायचे.

शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मी कान नेला.

"घे त्याला."

"कुणाला?"

"तुझ्यावाल्याला." मधे थांबले. श्वास गोळा केला. "परत आला ना त्यो. जाताना काय, कुनीबी जातं. परत येताना लई जड जातं मानसाला. मी बघितलं."

त्यांनी कुठे बघितलं? गॅलरीत? की ओसरीवर बसून, ट्रंक घेऊन येणाऱ्या मुलीला? पाच वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते हातात आलं होतं आणि मला ते घेववेना. हे घेतलं की संपलं, एवढंच मला कळत होतं. मला राग आला त्यांचा. असं कसं सोडून देतात हे?

"नाही, आप्पा," मी मोठ्याने म्हटलं. "तुमचाच बरा आहे. बॉल आणून कोण देणार? माझा नुसता पळायचा."

त्यांनी मान हलवली. न्हाई.

"नाही कसं? गोल मोजून काय करायचंय? तुम्हीच म्हणायचात. तुमचा कधी कुठे गेला नाही. तोच पाहिजे."

"तुझा," ते म्हणाले.

"तुमचा!"

पलीकडच्या खाटेपाशी असलेल्या नर्स धावत आल्या. "अहो ताई, काय हे? पेशंटशी भांडताय? वडील आहेत ना तुमचे?"

आप्पा हसले. त्याचा खोकलाच झाला, पण हसले. माझ्याकडे बोट करून नर्सना काही सांगायचा प्रयत्न केला, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. ह्यी आशीच हाय, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

गावाकडून माणसं आली. दोन खोल्या भरून गेल्या, इतकी माणसं त्या घरात मी कधी पाहिली नव्हती. बुद्धवंदना झाली, फोटोला हार घातला. आप्पांची एक चुलत बहीण माझ्याजवळ येऊन बसली, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "जाताना काय बोलले गं, बाई? तुझं काय म्हनले का?"

सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या. माझं काय होणार, म्हणून बाप कष्टी होऊन गेला असेल, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी तोंड उघडलं. पण सुरुवात कुठून करायची? आधी क्लब सांगायचा, मग लेफ्ट विंगर म्हणजे काय, मग त्यांचा कोण आणि माझा कोण, मग माझा का गेला आणि कधी परत आला. तेवढं सगळं माहीत असलेला माणूस त्या घरात उरलाच नव्हता.

"काही नाही, आत्या," मी म्हटलं. "बोलता येत नव्हतं त्यांना."

त्या हळहळल्या आणि डोळे पुसून बाकीच्या बायकांना तसं सांगायला गेल्या.