मला कुणी पाठवलं नाही

देवाने माझी हाक ऐकली, असं मी आता म्हणत नाही. ऐकली नाही, असंही म्हणवत नाही. जे घडलं तेवढं सांगते.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही बावीस वर्षं राहतो. इथल्या आम्हा मराठी कुटुंबांची दर गुरुवारी दत्ताची आरती आळीपाळीने एकेकाच्या घरी व्हायची आणि पेटीवर मी असायचे. गेल्या पावसाळ्यात यांना ऑफिसातच पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिल्या आठवड्यात आरतीची सगळी मंडळी सफरचंदं आणि अंगारा घेऊन आली, पलंगाभोवती उभं राहून प्रार्थना म्हटली. मला फार आधार वाटला. मग येणं थांबलं. मुलगी बेंगळुरूहून तान्ह्या बाळाला घेऊन आली, पंधरा दिवस राहिली, रडत परत गेली. घरात आम्ही दोघंच उरलो.

यांच्या रजेच्या कागदांसाठी मला एकदा त्यांच्या ऑफिसात जायचं होतं. यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. मी आरतीच्या ग्रुपवर लिहिलं, मंगळवारी दोन तास कुणी यांच्यापाशी बसेल का? सगळ्यांनी वाचलं. जोडलेल्या हातांची चित्रं आली. एकीने फोन करून समजावलं की वहिनी, प्रारब्ध भोगूनच संपतं, तुम्ही नामस्मरण वाढवा. त्या संध्याकाळपासून मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. राग देवावर होता की माणसांवर, हे तपासायचंही त्राण नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी बाथरूममध्ये नेताना हे माझ्या हातातून निसटले आणि ओल्या फरशीवर पडले. मला काही उचलता येईना. ते आवाज न करता रडत होते. मी दार उघडून जिन्यात आले, पण कुणाच्या नावाने हाक मारावी तेच सुचेना. दिल्लीत घराबाहेर आपण हिंदीच बोलतो, पण त्या दिवशी तोंडून मराठीच निघालं, "कुणी आहे का?"

समोरच्या ब्लॉकमधल्या मेश्रामताई ऑफिसला निघाल्या होत्या. त्या तशाच वर आल्या. पर्स खुर्चीवर टाकली, चादर मागून घेतली, यांच्या अंगाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "ताई, खांद्याला धरून ओढू नका, चादर धरा." पाच मिनिटांत हे पलंगावर होते. मग त्यांनी उशीर होईल म्हणून ऑफिसला कळवलं आणि चहाही त्यांनीच टाकला.

हे त्या कुठे शिकल्या, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. हिवाळ्यात नवरा-बायको त्यांना चादरीतून उचलून खाली उन्हात आणायची. माझ्या बाल्कनीतून दिसायचं. मी कधी गेले नाही. मेश्राम वर्ध्याकडचे, बौद्ध. त्यांना आरती चालणार नाही, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. हळदीकुंकवालाही मी त्यांना बोलावलं नाही, आणि तिथे तर कारण शोधायचीही गरज वाटली नाही. म्हातारी गेली तेव्हा बातमी कळली होती.

आठवड्याभरात मेश्रामताईंनी वेळा ठरवून टाकल्या. दोन संध्याकाळी त्या स्वतः, मंगळवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या सरदारीणबाई, शनिवारी ताईंच्या विहारातल्या एक निवृत्त नर्स. त्या नर्सबाई यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडायच्या. मी बाहेर पडू लागले. बसमध्ये खिडकीपाशी नुसतं बसून राहणं हीसुद्धा कृपा असते, हे तेव्हा कळलं.

एकदा न राहवून मी मेश्रामताईंना म्हणाले, "ताई, तुम्हाला दत्तमहाराजांनीच पाठवलं."

त्या यांना पेज भरवत होत्या. चमचा खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "तसं नका म्हणू. मला कुणी पाठवलं नाही, मी आले. पाठवणारा कुणी असता, तर आमच्या सासूबाईंच्या वेळी त्याने तुम्हाला पाठवलं असतं."

मी त्यांच्या सासूबाईंचं नाव विचारलं.

"अनसूया," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चमचा उचलला.

दत्ताच्या आईचं नाव. जिच्या लेकाची आरती मी इतकी वर्षं वाजवली, तिच्या नावाची बाई समोर उन्हात पडलेली असायची आणि मी कपडे वाळत घालून आत यायचे. यात खूण होती की योगायोग, ते मी ठरवत नाही. त्या संध्याकाळी दिवा लावला. मागण्यासारखं काही तोंडात आलं नाही.

यांची वाचा परत आली नाही. काठी धरून दारापर्यंत जातात, तासभर एकटे राहतात. आरतीची मंडळी परत बोलावतात, पण मनातला कडवटपणा गेलेला नाही, त्यांच्याबद्दलचा आणि त्याहून जास्त स्वतःबद्दलचा. हे एकटे असतात तो तासभर मी मागच्या ब्लॉकमधल्या एका तमिळ आजोबांपाशी बसते, म्हणजे त्यांच्या सुनेला जरा बाहेर पडता येतं. पहिल्याच दिवशी त्यांचं अंथरूण ओलं झालं, तेव्हा मला किळस आली. महाराजांचं नाव घेतलं आणि त्यांना पुसून कोरडं केलं. शरण जाणं याहून वेगळं असेल, तर ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तेवढ्याबद्दल मी कृतज्ञ आहे. उशिरा कळलं, याची बोच आहे. ती काढून घे, असं मात्र मी देवाला म्हणत नाही.