तांडेलकाकांची शिकवणी

तांडेलकाका बोलायचे ते प्रश्नांतच. माणसाने होडीत पाय ठेवला न ठेवला तोच त्यांचं सुरू, "वारा कनच्या अंगानं हाय? ती पुढची होडी, तिचं शीड भरलंय का लुलं पडलंय?" उत्तर बरोबर आलं की "शाबास." चुकलं की "परत बघ." शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा मला इतकं पिडलं नव्हतं, आणि काका स्वतः तर चौथीपलीकडे शाळेची पायरी चढले नव्हते.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्याच तोंडाने. साकीनाक्याच्या आमच्या छापखान्यात नलिनी नावाची कोळीण कामाला आहे. एकदा डबे खाताना मी बढाई मारली की आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, दर्या आमच्या रक्तातच. खरं तर आजोबा गिरणीत आले तेव्हापासून आमच्या घराण्याला दर्या दिसला तो गणपतीच्या सुट्टीत, तोही गुडघाभर. पण नलिनीने ते ऐकलं आणि म्हणाली, "झकास! मग ये ना. सासऱ्यांच्या होडीत एक माणूस कमी पडतोय." शिमग्याच्या आधीच्या रविवारी त्यांच्या कोळीवाड्यात शिडाच्या होड्यांची शर्यत असते. तिचे सासरे तांडेल, म्हणजे होडीचे कर्ते, सुकाणू धरणारे. त्यांचा एक खलाशी मोठ्या जहाजावर नोकरीला गेला होता. आता माघार घ्यायची तर उरलेली नोकरी मान खाली घालूनच करावी लागली असती.

त्या वेळी मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि मला पोहता येत नव्हतं. पोहण्याचं तेवढं काकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरा हाय. पोहनारा मानूस उडी टाकतो. तुजासारखा होडी घट धरून बसतो." आणि त्यांनी मला शिडाच्या दोरावर नाही, पुढे नाही, तर थेट सुकाणूपाशी, आपल्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं.

चार रविवार मी दिंडोशीहून पहाटेच निघून सरावाला गेलो. आधी काका स्वतः चहा ओतून देत. ओततानाच त्यांचं एक बोट ग्लासात असे. चहा बोटाला लागला की किटली सरळ. मला ते घाणेरडं वाटायचं. पण ज्याच्या हाती आपला जीव, त्याच्या बोटाला नावं कोण ठेवणार? मुकाट्याने पीत होतो. मग होडीत चढण्याआधी काका कपाळ होडीला टेकवत, आणि पाणी लागलं की शिकवणी सुरू. बावटा कुठे? जाळ्यांचे खुंट किती? मधे किती हात जागा? बाकीचे तिघे खलाशी हसायचे. नलिनीचा नवरा दिनेश तर म्हणायचा, "आम्हाला बाबांनी शिव्या घालून शिकवलं. तुझे एवढे लाड कशाला रे?" मी फुगलो होतो. बायकोला सांगितलंसुद्धा, की माझ्यात काहीतरी आहे, म्हाताऱ्याने ते ओळखलंय. ती म्हणाली, "असेल. आम्हाला अजून दिसलं नाही."

शर्यतीत सात होड्या होत्या. समुद्रात एक निळं पिंप नांगरून त्यावर लाल बावटा लावलेला, त्याला वळसा घालून परत यायचं. जाताना आम्ही तिसरे होतो. ऊन कलून समोर आलं होतं आणि सगळं पाणी लखलखत होतं. शेजारच्या होडीशी आमच्या पोरांची शिवीगाळ रंगात आली होती आणि मी तोंड वासून ती ऐकत होतो.

"बावटा?" काकांनी विचारलं.

मी नुसतं बोट दाखवलं. बोलायचं काय? पिंप आमच्या अगदी नाकासमोर होतं, कपाटाएवढं.

काकांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "सांग ना रं."

तेव्हा कुठे मला उमगलं. चार रविवार ती शिकवणी नव्हतीच. काकांना दिसत नव्हतं.

"समोर! दहा हात! उजवीकडे घ्या!" मी ओरडलो. काकांनी अंगाचा भार टाकून सुकाणू दाबलं. पिंप होडीच्या कडेला खरवडत गेलं आणि आम्ही वळलो. त्यानंतर किनारा येईपर्यंत माझं तोंड एक क्षण मिटलं नाही. खुंट, होड्या, तरंगणारा ओंडका, जे दिसेल ते मी मोठमोठ्याने सांगत सुटलो. दिनेश वैतागून ओरडला, "अरे गप ना यार, फाटली काय तुझी?" फाटली तर होतीच. पण माझ्या एकेका शब्दावर काकांचा हात हलत होता, आणि त्या हाताने होडी अशी काही नेली, की एक खुंट लागला नाही. चौथे आलो. पायाला वाळू लागली तेव्हा मी तिथेच फतकल मारली. सगळे जिवंत होतो. तेवढंच डोक्यात होतं.

बाकीचे पांगल्यावर मी काकांना गाठलं. भयंकर संतापलो होतो. "किती दिवस झाले?"

"दोन पावसाले," ते म्हणाले. "जुना मानूस पाशी बसवला असता तर पयल्या दिवशी वलखला असता. नवा मानूस, त्याला वाटतं आपन शिकतोय."

"आणि पाच माणसं बुडाली असती तर?"

काकांनी वाळूत बसून खरं कारण सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि उरलासुरला उजेडही घालवून बसला होता. घरी कळलं की आपलीही तीच गत, आणि सुकाणू तर आधीच हातातून जाणार, ही त्यांची भीती. म्हणाले, "दर्यावरून उतरलो की मी कोन रं?" मला वाईट वाटलं, पण मी हटलो नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो, असं बजावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नलिनी छापखान्यात आली तीच डोळे पुसत. रात्री जेवताना काकांनी स्वतःच सगळं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तपासलं. साधा मोतीबिंदू, पार पिकलेला, पण निघण्यासारखा. हे ऐकून मी मशीनला टेकून जो श्वास सोडला, तो बहुधा पिंपापासून धरून ठेवला होता.

काकांनी नंतर आणखी तीन शर्यती मारल्या. एक जिंकलेसुद्धा. त्या तिन्ही वेळा मला त्यांनी बाकीच्यांबरोबर दोर ओढायला बसवलं आणि मनसोक्त शिव्या घातल्या. गेल्या दिवाळीनंतर ते गेले, घरच्या खाटेवर, झोपेत. त्यांची आठवण आली की मला हटकून तो ऑपरेशननंतर पट्टी काढल्याचा दिवस आठवतो.

मी छापखान्यातून परस्पर दवाखान्यात गेलो होतो. पट्टी निघाली होती. काकांनी दिनेशला पाहिलं, नलिनीला पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून अदबीने हात जोडले. मला वाटलं, उपकार मानतायत.

"या, बसा," ते म्हणाले. "तुमी कोन, डाक्तर?"

"काका, मी," मी म्हणालो.

आवाज ओळखताच ते उठून माझ्यापाशी आले. माझं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं आणि नीट, सावकाश पाहिलं. माझे पिकलेले केस, चष्मा, सुटलेली हनुवटी, सगळं.

"अरे द्येवा," काका म्हणाले, "मना वाटलं, पोरगा हाय."