वेटिंगवरची शेजारीण

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. चाकणच्या कंपनीत इंजिनिअर आहे, जाडजूड सेफ्टी शूज घालून दणादणा जिना उतरते. काहीही सांगा, आधी म्हणणार, "तुमचं बरोबर आहे, काकू," आणि मग करणार स्वतःच्याच मनाचं.

यंदा एमबीएला तिचं नाव वेटिंगवर अडकलं. मी म्हटलं, "कॉलेजच्या दारात ठाण मांडून बस. आमचं गॅसचं कनेक्शन असंच मिळालं!"

"तुमचं बरोबर आहे, काकू. पण अर्ज भरल्यानंतर मला कंपनीत अख्खी शिफ्ट सांभाळायला दिलीय, तेवढं त्यांना सांगून येते."

"मग मीच येते बोलायला!"

ती नाही म्हणाली नाही. कॉलेजात पोचल्यावर मला कँटीनमध्ये बसवलं. "काकू, आता गर्दी होईल. माझी खुर्ची धरून ठेवा. हे तुम्हालाच जमेल."

मी खुर्चीवर पर्स ठेवून डोळ्यांत तेल घालून बसले. ती आत बोलून परत आली, तरी कँटीनमध्ये मी आणि चहावाला, दोघंच.

घरी येऊन मेथी निवडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तिचं अजून काही कळलेलं नाही. पण मला कसं गप्प बसवलं, एवढंच तिनं आत सांगितलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे प्रवेश दिला असता.