सारवलेला खड्डा

“तुह्या घरची चूलबी इतकी सारवेल नसन बे,” खड्ड्याच्या तोंडाशी बसलेले मिस्त्री आत उतरलेल्या माणसाला म्हणाले. आतून हसणं ऐकू आलं.

मी जरा लांब उभी होते, तरी ते शब्द मला ऐकू आले. सोनाळ्याजवळच्या त्या माळावर विजेचा टॉवर उभा राहणार होता. त्याच्या चार पायांसाठी खडकात चार खड्डे फोडले होते, दोन-दोन पुरुष खोल. त्यांत काँक्रीट ओतायची परवानगी मी द्यायची होती. इंजिनीअर म्हणून नोकरीचा दुसरा महिना. साहेब कामासाठी चिखलीला गेलेले.

खड्ड्यात सारवायचं काय असतं?

वाकून पाहिलं. खडकाची भिंत काळ्या मातीच्या गाऱ्याने लिंपून गुळगुळीत केली होती. मिस्त्री माझ्या बाबांहून मोठे, जन्मभर विहिरी खोदलेले. “गोटे सुटून राह्यले होते, आतल्याच्या डोक्यात पडले असते. म्हून लिंपलं,” ते म्हणाले. “चांगलं दिसते ना, म्याडम?”

मी मान डोलावली. त्याची अजून लाज वाटते.

टॉवर जमिनीला दाबतो, एवढंच दिसतं. पण वारा एका बाजूने रेटू लागला की त्या बाजूचे पाय वर उपसले जातात. तेव्हा काँक्रीटचं नुसतं वजन पुरत नाही. खडकाच्या खडबडीत भिंतीला ते घट्ट धरून बसलेलं असतं, म्हणून टिकतं. मध्ये मातीचा थर राहिला, तर ओल्या जमिनीतून बैलाचा खुंटा निघावा तसा पाय निघेल. हे सगळं मला इंग्रजीत पाठ होतं. मिस्त्रींना सांगायला मात्र एक वाक्य सापडेना.

शेजारच्या कपाशीत बायका निंदत होत्या. टॉवर पडला तर कुठवर पोचेल, ते मी नजरेने मोजलं. मोजायला नको होतं.

शिडी धरून खाली उतरले. खिशातल्या किल्लीने भिंत खरवडली. बोटाच्या पेराएवढी माती सुटून आली, तेव्हा कुठे खडक लागला.

“बाई काऊन उतरली?” वर कोणीतरी विचारलं.

“फोटो काढत असन.”

वर काँक्रीटचा मिक्सर फिरू लागला. त्या आवाजात एकदम वाटलं, आता उशीर झाला. कशी वर आले ते आठवत नाही. हात मातीने भरले होते आणि सगळे माझ्याकडे पाहत होते.

“काय झालं, म्याडम?” मिस्त्री हसले. “इतका वजनदार टावर, उडून जाते काय?”

“हो, काका,” मी म्हणाले. “वारा सुटला की हा पाय वर ओढला जातो, आणि ही माती त्याला सोडून देते. मिक्सर बंद करा. सुटे दगड वरून पाडा, भिंत खरवडून धुवा, मग मला दाखवा. तोवर मी सही करणार नाही.”