डुलणारं स्टूल

आमच्या ह्यांना सगळे 'गुण्या' म्हणतात. सुतार काटकोन तपासतात ना, ते हत्यार! ह्यांच्या तर डोळ्यांतच बसवलंय. लग्नाच्या फोटोत मी एकटीच आहे. हे तेव्हा टेबलाखाली, डुगडुगत्या पायाला कागदाची घडी लावत होते.

ते एका बड्या शोरूममध्ये जोडणी-दुरुस्ती करतात. तिथलं फर्निचर लोक वापरायला नाही, जपून ठेवायला घेतात म्हणे. परवा व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या एका डिझायनर बाईंच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. लाखेचे दिवे, वेताचे पडदे आणि मधोमध एक लाल स्टूल. सकाळी ह्यांनी ते खोक्यातून काढून ठेवलं, तर डुललं. झालं! बाईंची अब्रू जायला नको म्हणून ह्यांनी तीन पाय घासून चौथ्याशी जुळवले.

मी प्रदर्शन बघायला पोचले, तर मालकांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "अहो, ते मुद्दाम डुलतं! बाई यायच्या आत पूर्वीसारखं करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

ह्यांनी घाम पुसत एक पाय घासला आणि राहवेना म्हणून बाकीचेही सारखे केले. पुन्हा तेच. स्टूल डुलेना, नुसतं बुटकं होत चाललं.

"अहो, पाट करताय का त्याचा?" मी ओरडले.

तेवढ्यात बाई दारात! मालकांची बोबडी वळली. ह्यांनीच सांगून टाकलं, "मी केलं. कुणी पडेल असं वाटलं."

बाई हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मालकांनी आम्हाला समजावलं. बाईंची आई असल्याच स्टुलावर बसून शिवण करायची, मांडीवर तान्ह्या बाई. त्या डुलण्यानंच बाईंना झोप लागायची.

आमच्या ह्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी कानस माझ्या हातात दिली. "तूच कर. माझा हात ऐकत नाही."

मी उभ्या जन्मात कानस धरली नव्हती. देवाचं नाव घेतलं आणि एक पाय खरवडला. बाई बसल्या. स्टूल मागे गेलं, पुढे आलं. बाईंनी डोळे मिटले. मालकांनीही मिटले, पण भीतीनं. बाई काही उठेचनात.

शेवटी मालक ह्यांच्या कानाशी पुटपुटले, "उद्या वेळेवर या."

घरी येताना हे म्हणाले, "मला वाकडं जमतच नाही गं."

इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला काही जमत नाही, हे ह्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. अशी माया आली म्हणून सांगू मला त्यांची!