वाटी रिकामी होण्याआधी

घरात तिला पोस्टमास्तरीणबाई म्हणत. नाव लेकाने ठेवलेलं. ती खाणीच्या कंट्रोल रूममध्ये प्रोग्रॅमर होती. जमिनीखालच्या बोगद्यांमधल्या विषारी वायूचे आकडे वर पडद्यावर आणायचे, हे तिच्या प्रोग्रॅमचं काम. "म्हणजे तू पत्रं वाटतेस, एवढंच ना?" लेकाने शाळेत असताना विचारलं होतं. तिने कंटाळून "हो रे बाबा" म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो वायरमन झाला आणि नको नको म्हणताना त्याच खाणीत उतरला, तेव्हाही खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाय ठेवताना हात हलवून म्हणाला, "पोस्टमास्तरीणबाई, आमच्या पत्रांवर लक्ष असू द्या."

लक्ष कसलं, तिचा सगळा जीवच त्या पडद्यावर टांगलेला असायचा. तिचा नवरा त्याच पिंजऱ्याचं इंजिन चालवून निवृत्त झाला होता. आता खिडकीशी बसून खोकायचा आणि बायकोची थट्टा करायचा.

"अगं, मी जन्मभर माणसं खाली सोडली, वर काढली. तेव्हा तू निवांत जेवायचीस. आता आपलं एक उतरलं तर घास उतरत नाही होय?"

"तेव्हा ती दुसऱ्यांची होती," ती बोलून गेली, आणि आपल्याच बोलण्याने चपापली. नवऱ्याने वर पाहिलं.

लेकाबरोबर त्याचा मदतनीस असायचा. अंगाने इतका किडकिडीत की सगळे त्याला जाड्या म्हणत. लेकाच्याच वयाचा, विधवा आईचा एकुलता एक. पाळी संपली की दोघे आधी हिच्याच स्वयंपाकघरात यायचे. जाड्या जेवायला बसला की भांडं पुसून काढायचा. "काकू, तुमच्या हाताला चव आहे. तुमच्या लेकाच्या हाताला मात्र नुसता करंट."

"जाड्या, तुझं अन्न जातं तरी कुठे?"

"अहो काकू, मीही बोगदाच आहे. कितीही भरा, आत अंधारच."

ती हसायची आणि आणखी वाढायची. वाढताना दोघांच्याही नखांतली काळी धूळ तिला दिसायची.

ती जे काम करायची ते नवऱ्याला कळावं म्हणून तिने एकदा वाट्या मांडून सांगितलं होतं. प्रत्येक निरोपाचे तीन तुकडे: कुठला बोगदा, किती वायू, आणि तिथला पंखा चालू की बंद. हे तीन तुकडे संगणकाच्या आठवणीत तीन वेगळ्या जागी असतात. त्या तात्पुरत्या जागांना बफर म्हणतात. "ही पहिली वाटी, ही दुसरी, ही तिसरी," ती म्हणाली. पूर्वी तिचा प्रोग्रॅम तिन्ही वाट्या एका मोठ्या पातेल्यात ओतायचा आणि मग पातेलं पाठवायचा. त्या ओताओतीत वेळ जायचा. मग तिने रीत बदलली. ओतायचंच नाही. नेटवर्कला फक्त सांगायचं, या तीन वाट्या इथे इथे आहेत, एकामागून एक उचल आणि एकच निरोप म्हणून पुढे ने.

"मग झालं की. सुंठीवाचून खोकला गेला," म्हणत नवरा स्वतः खोकला.

"एकच पथ्य आहे. त्याने उचलून नेलं असं कळेपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. नेतो म्हणणं वेगळं, आणि नेलं म्हणणं वेगळं."

पथ्य तिला ठाऊक होतं. नवशिक्यांना ती तेच पढवायची. पण खाली पाणी उपसायचा मोठा पंप सुरू झाला की लाइन मंदावायची, निरोप रांगेत तुंबायचे, आणि आकड्यांच्या सगळ्या वाट्या अडकून पडायच्या. वाटी मोकळी नाही म्हणून नवा आकडा दाराशी ताटकळत राहायचा. पडद्यावर लेकाच्या बोगद्याचा रकाना गोठायचा. तसा थोडा वेळच, दुसऱ्या कुणाला जाणवलाही नसता. पण ती तेवढ्यात खुर्चीवरून उठायची. खाली काय चाललंय? आकडा का हलत नाही? दृष्टीआड सृष्टी असती तर तिने सोसलं असतं. इथे दृष्टी होती आणि तीच अडखळत होती.

शेवटी एका दुपारी तिने प्रोग्रॅममध्ये छोटीशी दुरुस्ती केली. बोगद्याच्या नावाच्या वाट्यांना तिने हात लावला नाही, त्या ठरलेल्याच होत्या. आकड्यांच्या वाट्या मात्र सगळ्या बोगद्यांच्या सामायिक. त्या 'नेलं' असा निरोप येईपर्यंत अडवून ठेवायच्या, त्याऐवजी 'नेतो' म्हटल्याबरोबर पुन्हा वापरायला घ्यायच्या. टेबलावर जोडून तिने तपासलं. टेबलावरची तार हातभर लांब, नेतो म्हणेपर्यंत नेऊन झालेलं असायचं. सगळं सुरळीत. रकाना गोठेनासा झाला. साहेबांनी बैठकीत कौतुक केलं. त्या आठवड्यात ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर भोंगेकाका बसायचे. धोक्याचा भोंगा वाजवणं आणि खाली फोन करणं त्यांच्याकडे, म्हणून ते नाव. त्या सकाळी पंप सुरू होता. ती पलीकडच्या टेबलावर चहा घेत होती, आणि पडद्यावर सात नंबरच्या बोगद्याचा रकाना लाल झाला.

लेक सात नंबरमध्ये होता.

कप तसाच ठेवून ती काकांच्या टेबलाशी धावली. "काका, सात!"

"बघतोय, ताई." काकांनी फोन उचलला. नियम साधा होता. ज्या बोगद्यात वायू, तिथली माणसं शेजारच्या चार नंबरमध्ये न्यायची. चार नंबरचं खोदकाम संपलेलं होतं, आत बाकडी होती, जाड दार होतं. एरवी तिथे कुणी नसायचं. चारचा रकाना पडद्यावर शांत, हिरवा होता.

"सात नंबर, सगळे चारमध्ये व्हा. वायू दाखवतोय."

पलीकडून लेकाचा आवाज आला. फोनचा स्पीकर चालू होता. "काका, इथे कसला वायू? पंखा दणादणा फिरतोय. डोकंसुद्धा दुखत नाही कुणाचं. मुकादमाला येऊ द्या, त्याच्याकडे मीटर आहे, बघून सांगतो."

मुकादम पिंजऱ्याशी माल उतरवून घेत होता. काका क्षणभर घुटमळले. तिने त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढलाच.

"अरे, वाद घालू नकोस! निघ तिथून. आत्ताच्या आत्ता."

"अगं आई, तू? बरं बरं, पोस्टमास्तरीणबाई. उघडी केबल तेवढी बंद करतो आणि आलोच. ए जाड्या, तू हो पुढे, या सगळ्यांना घेऊन जा. काकूंचा हुकूम आहे."

मागून जाड्याचा आवाज आला, "काकूंना सांग, हुकूम पाळतो, पण वर आल्यावर वाढायला लागेल." कुणीतरी हसलं. मग बुटांचा आवाज दूर दूर गेला.

तिने सुटकेचा श्वास घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. सात हिरवा झाला होता. पाहता पाहता पुन्हा लाल. पुन्हा हिरवा. आणि मध्येच, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्यात, चार लाल होऊन गेला.

वायू असा उड्या मारत नाही. चढतो तो चढत जातो, उतरतो तो हळूहळू उतरतो. उड्या मारतो तो आकडा. तिला वाटी दिसली. सातचा निरोप रांगेत उभा आहे, नावाची वाटी सातची, आकड्याची वाटी अजून उचललेली नाही. आणि तिचा प्रोग्रॅम त्याच वाटीत चारचा आकडा ओततोय. मग चारच्या निरोपात सातचा आकडा. पाकिटावर नाव एकाचं, आत चिठ्ठी दुसऱ्याची. वायू सातमध्ये नव्हताच. तो बंद दाराआड, रिकाम्या चार नंबरमध्ये साठला होता. आणि नसलेल्या आगीतून तिने माणसांना खऱ्या फुफाट्यात पाठवलं होतं.

"काका, चारमध्ये आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "पडदा खोटा आहे. वायू चारमध्ये आहे."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चारचा भोंगा दाबला, आणि दुसऱ्या फोनवर ओरडून मास्कवाल्या बचाव पथकाला चार नंबरकडे धाडलं. पथक खाणीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

सातचा फोन तिने स्वतः लावला. घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"हां, आई. झालंच माझं. निघतोय." लेक एकटाच होता.

"तिथेच थांब."

"आता थांब? मघाशी निघ म्हणालीस."

"सातचा इशारा चुकीचा होता. तू तिथेच थांब. हलू नकोस."

"मग त्यांना परत बोलावतो. जाड्या आत्ता दारापर्यंत पोचला असेल." तो बोलायचा थांबला. "आई, चारचा भोंगा का वाजतोय?"

तिला लेक ठाऊक होता. लहानपणी डबक्यात पडलेलं कुत्र्याचं पिल्लू काढायला तो गळ्यापर्यंत चिखलात शिरला होता. चारमध्ये वायू आहे म्हटलं की फोन तसाच लोंबकळत सोडून तो धावला असता, मास्कशिवाय, जाड्याचं नाव घेत. कदाचित त्याने एखाद्याला दारातून ओढून आणलंही असतं. कदाचित जाड्यालाच.

"चाचणी आहे," ती म्हणाली. "भोंग्याची चाचणी चाललीय. तू माझ्याशी बोलत राहा."

भोंगेकाकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांची नजर तिला चटका लागावा तशी लागली. ती बोलत राहिली. केबल कशाची होती, सकाळचा डबा खाल्ला का, गुडघा दुखतो का अजून. लेक आधी उत्तरं देत होता, मग वैतागला. "आई, काय चाललंय तुझं? मी जातो बघायला."

"शपथ आहे तुला माझी."

पथक येऊन त्याला पिंजऱ्यात घालेपर्यंत तिने फोन सोडला नाही. चार नंबरमध्ये गेलेले चौघे आत पडलेले सापडले. तिघांना शुद्ध आली. जाड्याला आली नाही. तो सगळ्यांच्या पुढे होता. काकूंचा हुकूम म्हणून बाकड्यापर्यंत पोचलेला एकटाच तो.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब तिच्या टेबलाशी आले. दार लोटून म्हणाले, "हे पाहा मॅडम, सेन्सर जुने आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. जुना सेन्सर काहीही दाखवतो. तुम्हाला कशाला उगाच?"

"सेन्सर बरोबर होता, साहेब," ती म्हणाली. "आकडा बरोबर होता. मी वाटी आधी भरली."

साहेबांना वाट्यांचं काही कळलं नाही. चौकशीत तिने ते नीट, कळेल अशा शब्दांत सांगितलं. तिला कामावरून काढलं. ते होणारच होतं, आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही. फोनचं मात्र तिथे कुणी विचारलं नाही. भोंगेकाकांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचाही एक मुलगा खाली होता.

विचारलं ते लेकाने. जाड्याचं सगळं उरकून तो घरी आला, हातपायही न धुता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ती पोळ्या लाटत होती. सवयीने कणीक दोघांची मळली गेली होती.

"मी भोंग्याचं विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

लाटणं थांबलं. खोटं तोंडाशी तयार होतं, एकदा बोललेलं दुसऱ्यांदा सोपं जातं. खिडकीशी नवऱ्याचा खोकलासुद्धा थांबला होता.

"हो," ती म्हणाली.

"मी चारच्या दारापासून किती जवळ होतो, माहीतेय तुला? त्यांचे आवाज ऐकू येत होते, आई. मला वाटलं जाड्या मस्करी करतोय. आणि तू मला विचारत होतीस, डबा खाल्ला का."

"तू गेला असतास."

"गेलोच असतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

त्याने आतून पिशवी आणली, चार कपडे कोंबले. बाप उठायला लागला तर त्याने हातानेच बसा म्हटलं. दाराशी थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्याची आई एकटी आहे. तिच्याकडे राहतो. तिथे तरी मला ताठ मानेने राहता येईल का, बघतो. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही."

"सांगणार आहेस?"

"तू सांग," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

तिने तवा उतरवला. नवरा म्हणाला, "अगं, जिवंत आहे ना? जिवंत आहे तोवर येईल कधीतरी." उरलेल्या कणकेच्या पोळ्या तिने लाटल्या, भाजल्या, सगळ्या डब्यात भरल्या. मग चप्पल घातली, डबा उचलला आणि जाड्याच्या घराची वाट धरली.

दार जाड्याच्या आईनेच उघडलं. डोळे सुजलेले. डबा पाहून ती म्हणाली, "या ना, ताई. तुमचा लेक आलाय आधार द्यायला. देवमाणूस आहे हो. आत या."

लेक आत भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली. आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलायला लागली.