मेहुण्याच्या हातातल्या बांगड्या

क्रिकेट मी आयुष्यभर बसून खेळलो. मैदानाच्या कडेला झाडाखाली सतरंजी, शेजारी पाण्याचा तांब्या, पुड्यात भाजलेले दाणे आणि तोंडात सल्ला. बॅट मी एकदाच हातात धरली, तीही पावसात भिजली होती म्हणून पुसायला. तरी गिरगावातल्या आमच्या चाळीत, ज्यांना क्रिकेट कळतं अशा मोजक्या गृहस्थांत माझी गणना होई. कारण मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत असे.

खरा खेळत होता तो माझा मेहुणा, आमच्या हिचा धाकटा भाऊ. शिकायला म्हणून कोकणातून बोटीने आला, आमच्याकडेच राहिला आणि पुढे फोर्टात एका कचेरीत चिकटला. मिसरूड नुकतं फुटलेलं, बोलणं कमी. पण धोतराचा काचा मारून, अनवाणी पायांनी तो चेंडूखाली धावू लागला की आमची मंडळी चेंडूकडे बघायचीच थांबत. टाळ्या आधीच सुरू. त्याच्या हातून झेल सुटतो ही कल्पनाच कुणाला नव्हती. त्यालाही नसावी, असं मी आपलं धरून चाललो होतो.

मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. दिवाळीनंतर पारशी मंडळींच्या एका क्लबाशी सामना ठरला. ही मंडळी विलायतेला जाऊन खेळून आलेली. त्यांना हरवायचं म्हणजे आमच्या चाळीला स्वर्ग दोन बोटं. महिनाभर आधीपासून मेहुण्याला जिन्यात, नळावर, गॅलरीत जो भेटेल तो एकच विचारी, "काय रे, घेणार ना झेल?" बायका लाडू पाठवीत. आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि वर दुसऱ्या मजल्यावर कोर्टातले एक कारकून राहत. आमच्या भक्तमंडळाचे तेच पुढारी. ते तर रोज सकाळी कोर्टात जाताना खाली चौकातून हाक मारत, "हात सांभाळ रे बाबा! हात म्हणजे चाळीची इस्टेट आहे!"

लाडू मी खात होतो. मेहुणा ताट तसंच सरकवी. मला वाटे, भावोजींसाठी ठेवतोय बिचारा. पहाटे उठून बघावं तर हा गॅलरीत बसलेला. हात सारखे धोतराला पुसायचे, पुन्हा बघायचे, पुन्हा पुसायचे.

"बघ," मी हिला म्हणालो, "याला म्हणतात तयारी."

"तयारी कसली? जेवत नाही तो," ही म्हणाली.

"मोठे खेळाडू असेच असतात." मला मोठ्या खेळाडूंची किती माहिती होती हे मी वर सांगितलंच आहे.

सामन्याच्या दिवशी शेवटी गोष्ट येऊन ठेपली ती नेमकी एका झेलावर. पारशांचा एक आडदांड गडी, खांदे कपाटासारखे, त्याने बॅट अशी फिरवली की चेंडू सरळ आभाळात. खाली आमचा मेहुणा. आम्ही सतरंजीवर उभे राहून टाळ्या वाजवू लागलो. कारकुनांनी टोपी उडवलीसुद्धा. चेंडू आला, त्याच्या दोन्ही तळव्यांवर आपटला आणि खाली पडला. टोपी अजून हवेत होती.

पुढे सामना गेला तो गेलाच. मला आठवतं ते एवढंच, की तो चेंडू उचलायला वाकला नाही. आपल्या हातांकडे बघत उभा राहिला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसा. आम्ही घोड्यांच्या ट्रामने घरी आलो आणि वाटेत कारकून सबंध ट्रामला ऐकवत होते, "भोक पडलंय हाताला, भोक!" मेहुणा मैदानावरून चालत आला. कधी आला ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी कासार येऊन उभे राहिले. आमच्या चाळीत नेहमी बांगड्या भरायला येणारे म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपली.

"आज कुणाकडे हो काका?" ही म्हणाली. "मी काही बोलावलं नाही."

"वरच्या मंडळींनी धाडलंय," ते ओशाळं हसत म्हणाले. "तुमच्या भावाला भरायच्यात म्हणे. गंमत आहे म्हणाले."

मी बाहेर डोकावलो. चौकाभोवती तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. हरलेल्याला 'बांगड्या भर' म्हणणं ही आपल्याकडची जुनी शिवी. यात ठरलेलं असतं ते असं, की ज्याला म्हणायचं तो चवताळून उठतो, दोघा-तिघांची उपरणी फाटतात, मोठी माणसं मध्ये पडतात आणि शेवटी सगळे मिळून चहा पितात. चहाचा पेला मी आधीच हातात घेऊन उभा होतो.

मेहुणा आतून आला. कासारांपुढे मांडी घालून बसला आणि उजवा हात पुढे केला.

"भरा काका."

वरती हशा. कासारही हसले. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अरे बाळा, गंमत हो ही. मी चाललो आपला."

"भरा. घट्ट झाल्या तरी चालतील."

"भरा की हो!" वरून कारकून ओरडले.

पुरुषाचा हात तो, कामाधामाचा, हाडापेराचा. कासारांनी त्याची बोटं दाबून, तळवा चेपून पहिली हिरवी बांगडी चढवली. दुसरी चढवली. तिसरी चढताना मनगटाशी कातडं सोललं. त्याने हात मागे घेतला नाही, तोंडही वाकडं केलं नाही. वैद्याने सांगितलं म्हणजे जीभ बाहेर काढावी, तसा हात देऊन बसला होता. वरचा हशा एकेका मजल्यावरून विझत गेला. एकजण तेवढा उशिरापर्यंत हसत होता, तोही मध्येच थांबला.

"दुसरा हात देऊ का?" मेहुण्याने विचारलं.

कासारांनी टोपली उचलली आणि ते जे निघाले ते वहाणा आमच्या दाराशी विसरून. माझा चहा माझ्याच पोटावर सांडला होता. तो कढत होता हे मला बऱ्याच वेळाने, सदरा बदलताना कळलं.

ही मात्र बाहेर आली आणि मान वर करून तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बांगडी म्हणजे शिवी का हो? मग माझ्या हातात काय आहे? तुमच्या आयांच्या हातात काय होतं?"

गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. इतक्या झटपट की एकाचं उपरणं कठड्यावरच राहिलं.

आता बांगड्या काढायच्या. मेहुणा हात देईना. मांडीवर ठेवून भिंतीशी बसून राहिला. कधी देईच तर त्या निघेनात. चढल्या होत्या कशाबशा, उतरायला वाट नव्हती. मी म्हणालो, "फोडू या की." त्याबरोबर घरात जमलेल्या चार बायांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा तासभर गॅलरीत काढला.

वाचणाऱ्यांना सांगायला नकोच, आपल्याकडे सवाष्ण बाई 'बांगडी फुटली' असं तोंडाने म्हणतसुद्धा नाही, 'वाढली' म्हणते. मुद्दाम फोडण्याचा दिवस एकच, आणि तो वैऱ्याच्याही घरी येऊ नये. पण पुरुषाच्या हातातल्या फोडल्या तर काय होतं?

"हे कुठे सांगितलेलंच नाही," शेजारच्या आजी म्हणाल्या.

"म्हणजे फोडायला हरकत नाही?"

"सांगितलेलं नाही म्हणून तर भीती वाटते ना, बाई!"

शिवी देताना हा विचार चाळीतल्या एकाही शहाण्याने केलेला नव्हता. तीन काचेची वेटोळी, आणि ती ना काढता येत, ना फोडता येत. मेहुणा कचेरीत गेला नाही. जेवला नाही. विचारावं तर "हं" म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची सून जिन्यावरून धावत आली. "वहिनी, तुमचा भाऊ मागच्या अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलाय!"

मी धावलो. माझं धावणं एरवी चाळीत करमणुकीचा विषय असे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. आयुष्यभर मैदानाला ऐकू जाईल असं ओरडलेला मी, आणि त्याच्या नावाची साधी हाक मला मारता येईना.

हिने हाक मारलीच नाही. कळशी घेऊन विहिरीशी गेली, खाली बसली आणि राखेने कळशी घासू लागली, रोजच्यासारखी.

तो वळला नाही. म्हणाला, "ताई, मी नसलो तर तुमचं काय अडेल गं?"

तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात रडं नव्हतं. कचेरीत सुटी मागावी तसा होता.

हिचा हात एकदाच थांबला. मग म्हणाली, "ते मागून बोलू. आधी ही कळशी वर धर, मला जड होते."

तो कठड्यावरून उतरला आणि त्याने कळशी घेतली. त्या वेळेपासून विहिरीवर बायकांची ये-जा खळली नाही. कुणी तांदूळ धुवी, कुणी धुतलेलेच पुन्हा धुवी. आमच्या चाळीतली भांडी इतकी लखलखीत त्याआधीही नव्हती आणि नंतरही नाहीत.

त्यापुढच्या सकाळी कारकून दाराशी आले. चेहरा उतरलेला, आणि त्यांच्यामागे सगळं दार भरून तो आडदांड पारशी फलंदाज. मला वाटलं, आता हे कसलं नवं संकट! कारकून माझ्या कानाशी म्हणाले, "दोन दिवस जिन्यात उभा राहून गेलो हो. काय बोलावं तेच सुचेना. म्हटलं, ज्याचा चेंडू, त्यालाच आणावं." यातला तर्क मला आजतागायत उमगलेला नाही. पण त्या दोन दिवसांत आमच्या सबंध भक्तमंडळाला एवढंही सुचलं नव्हतं.

पारशीबाबा मेहुण्यासमोर जमिनीवर बसले. त्यांना खाली बसायला बराच वेळ लागला. बांगड्यांकडे पाहून ते हसले नाहीत. जवळ वाकून मनगट बघितलं.

"टाइट हाय हे, डिकरा. दुखते?"

मी दचकलो. घरात आजी येऊन गेल्या, शेजारी येऊन गेले, मी तिथेच राहतो. दुखतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मेहुण्याने मनगटाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "दुखतं."

"मंग बोलत का नाय?" पारशीबाबांनी आपला राक्षसी पंजा त्याच्या हाताशेजारी धरला. तो थरथरत होता. "बघ. मॅच होऊन गेला तरी हलते. दर मॅचच्या सकाळी मी तंबूच्या मागे जाते आन् ओकते. बायडीला इचार माज्या. तुजा तो चेंडू? डोला मिटून मारला मी. खुदाकसम, डोला मिटून!"

कारकून आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले. मीही. हा कपाटाएवढा माणूस तंबूमागे ओकतो आणि आम्ही सतरंजीवर दाणे खात त्याच्या खांद्यांचं वर्णन करतो!

"तुम्हीपण?" मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा हलला, दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तो रडू लागला. लहान पोरासारखा नव्हे. कसातरी, वेडावाकडा, ज्याला सवय नाही असा. रडता रडता बहिणीला म्हणाला, "झोप लागत नाही गं ताई. सामना ठरला तेव्हापासून. डोळे मिटले की चेंडू खाली येत असतो. पडतच नाही, नुसता येत असतो."

म्हणजे पहाटे गॅलरीत बसायचा ती तयारी नव्हती. झेल सुटायच्या कितीतरी आधीपासून हा पोरगा असा जळत होता, आणि आम्ही खालून इस्टेटीची चौकशी करत होतो.

हिने त्याचा हात मांडीवर ओढून घेतला. या वेळी त्याने दिला. तिने खोबरेल तेल चोळलं, साबण लावला, हळूहळू एक बांगडी उतरवली. दुसरी उतरवली. तिसरी, सगळ्यांत आतली, अंगठ्याच्या हाडाशी अडली. तो कळवळला. दारात उभ्या आजींनी पदर तोंडाला लावला.

हिने पोळपाटावरचं लाटणं घेतलं आणि बांगडी जमिनीला टेकवून एक घाव घातला. खळ्ळ.

"वाढली," आजी घाईघाईने म्हणाल्या.

"फुटली," ही म्हणाली. "मी फोडली. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. तो शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने शांतपणे काचा वेचल्या, भावाच्या मनगटाला हळद लावली आणि पाहुण्यांना चहा ठेवला.

चहा होईपर्यंत मेहुणा तिथेच, भिंतीशी, वाकडी मान करून झोपला. पारशीबाबा बोटांवर चालत जिना उतरले, म्हणजे त्यांनी तसा प्रयत्न केला. कारकून चाळीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. बोंबील विकणारी कोळीण आली, तिला हातानेच गप्प केलं. कल्हईवाला आला, त्याला पुढच्या गल्लीत धाडलं. बाजारातून येणाऱ्या बायका वहाणा हातात घेऊन जिना चढल्या. भरदुपारी आमची चाळ इतकी गप्प मी कधी पाहिली नाही.

दिवस कलल्यावर कारकून पुन्हा वर आले.

"अजून?" त्यांनी खुणेने विचारलं.

"अजून."

"इतका वेळ? श्वास चालू आहे ना हो?"

आम्ही दोघे पोटं सावरत, दाराच्या चौकटीला धरून आत वाकलो. सबंध दिवसाचा उजेड त्याच्या तोंडावरून सरकून भिंतीवर गेला होता. हात उघडे, दोन्ही बाजूंना पडलेले. आणि तो घोरत होता, कोकणातल्या करकरत्या पडावासारखा, खुशाल.

कारकुनांनी मला कोपराने ढोसलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "ऐका."

आम्ही दोघे तिथेच उंबऱ्यावर बसून ऐकत राहिलो.